हौस धावणाऱ्यांची, मौज आयोजकांची

पैसे भरायचे, पहाटे उठायचे, उन्हात पळायचे आणि शेवटी रिकाम्या हाताने घरी परतायचे! गावोगावी हौशी दौडींचे पेव फुटले आहे. पण ज्यांच्या पैशावर आणि गर्दीवर या दौडी उभ्या राहतात, त्या सामान्य माणसांची कदर कुणाला आहे?

आमच्या मोठ्या जाऊबाईंना बावन्नाव्या वर्षी मधुमेह निघाला. डॉक्टरांनी गोळ्यांबरोबर रोज चालायला सांगितले. तोवर स्वयंपाक, पाहुणे, सणवार यापलीकडे त्यांनी स्वत:साठी म्हणून काही केले नव्हते. सुरुवातीला बागेला एक फेरी मारली तरी त्यांना धाप लागत असे. पण बाई जिद्दीच्या. सहा महिन्यांत त्या एका दमात आठ फेऱ्या मारू लागल्या. साखर आटोक्यात आली आणि चेहऱ्यावर तजेला दिसू लागला.

अशातच त्यांच्या मुलीने मोबाइलवर एक जाहिरात दाखवली. शहरात पाच किलोमीटरची 'फन रन' होणार होती. 'धावा, चाला, नाचा! वयाची अट नाही, वेळेची अट नाही. प्रत्येकाला टी-शर्ट, पदक आणि नाश्ता,' असे तिच्यात म्हटले होते. जाऊबाई लाजत लाजतच तयार झाल्या. सोबतीला म्हणून मीही नाव नोंदवले. प्रत्येकी सहाशे नव्याण्णव रुपये आणि वर 'सुविधा शुल्क' भरले.

त्या रविवारी पहाटे साडेपाचला आम्ही मैदानावर हजर होतो, कारण तसे बजावलेच होते. मंचावर कानठळ्या बसवणारी गाणी चालू होती. सहा वाजता सुटणारी दौड सहाला सुटली नाही आणि साडेसहालाही नाही. प्रमुख पाहुणे यायचे होते. ते आले, हार झाले, भाषण झाले, प्रायोजकांचे सत्कार झाले. हिरवा झेंडा हलला तेव्हा सात वाजून गेले होते आणि ऊन चढू लागले होते. एवढ्या बायकांसाठी स्वच्छतागृहे तीन. रांगेत उभ्या असलेल्या कित्येक जणी तिथूनच थेट पळत सुटल्या.

तिसऱ्या किलोमीटरला पाण्याचे टेबल दिसले. त्यावर रिकामी खोकी आणि खाली चिरडलेल्या बाटल्यांचा खच होता. चौथ्या किलोमीटरला रस्ता वाहनांसाठी मोकळा केलेला होता. मागून येणारे टेंपोवाले भोंगे वाजवत होते. अखेर आम्ही मैदानात शिरलो, तर हवा भरून उभी केलेली कमान दोन मुले खाली पाडत होती. जाऊबाईंनी पदकाबद्दल विचारले. खोके आवरणारा मुलगा मान वर न करताच म्हणाला, "काकू, मेडल संपली. जरा लवकर यायचं ना!"

जाऊबाई काहीच बोलल्या नाहीत. रिक्षात बसल्यावर मात्र म्हणाल्या, "मी उगाच आले गं. हे आपल्यासारख्यांसाठी नसतं."

पुढचा आठवडाभर त्या बागेत फिरायलाही आल्या नाहीत.

त्यांचे ते वाक्य माझ्या मनातून जाईना. कारण जाहिरातीप्रमाणे ती दौड 'आपल्यासारख्यांसाठीच' होती!

नाव मॅरेथॉन, अंतर पाच किलोमीटर

आपल्याकडे हल्ली कुठल्याही दौडीला 'मॅरेथॉन' म्हणायची पद्धत पडली आहे. खरी मॅरेथॉन 42.195 किलोमीटरची असते. 1908 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ती एवढ्या अंतराची धावली गेली आणि 1921 मध्ये तेच अंतर प्रमाण मानले गेले. एवढे पळणे येरागबाळ्याचे काम नव्हे. म्हणून जगभर मोठ्या शर्यतींच्या जोडीला छोट्या, बिनचुरशीच्या दौडी सुरू झाल्या. त्यांत पहिला कोण याला महत्त्व नसते. लोकांनी घराबाहेर पडावे, हातपाय हलवावेत, चार माणसांत मिसळावे, एवढाच हेतू.

आपल्याकडे पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन 1983 मध्ये सुरू झाली. मुंबईची मॅरेथॉन 2004 पासून भरते आहे. मुंबईत पूर्ण आणि अर्ध्या मॅरेथॉनबरोबरच हौशी लोकांसाठी 'ड्रीम रन' ठेवण्यात आली. ज्येष्ठ नागरिकांसाठी आणि अपंगांसाठीही वेगळ्या दौडी झाल्या. ही कल्पना लोकांनी उचलून धरली. मग काय, शहराशहरांत दौडी भरू लागल्या. बँका, रुग्णालये, बिल्डर, राजकीय पुढारी, सगळ्यांना दौड हवीहवीशी वाटू लागली.

यात वाईट काही नाही. उलट ज्या समाजात चाळिशीनंतर बाईने पळणे हा हसण्याचा विषय होता, तिथे हजारो बायका भल्या पहाटे बूट चढवून रस्त्यावर येतात, ही आनंदाचीच गोष्ट आहे. प्रश्न एवढाच आहे, की त्यांना रस्त्यावर बोलावणारे त्यांना पाहुणे समजतात की नुसते गिऱ्हाईक?

पैसे सारखे, पाणी मात्र पुढच्यांना

दौडीत पुढे असणारा आणि मागे राहणारा, दोघांनी सारखेच शुल्क भरलेले असते. खरे तर मागच्याची गरज जास्त असते. पुढचा पाच किलोमीटर अर्ध्या तासात संपवून सावलीत जातो. मागचा तास-सव्वा तास उन्हात असतो. त्याचे वय जास्त असते, वजन जास्त असते, कधी रक्तदाब किंवा साखर असते. तरीही पाणी, केळी, पदके, वैद्यकीय मदत आणि टाळ्या, सगळे काही पुढच्यांपाशीच संपते.

हे केवळ आपल्याकडेच घडते असे नाही. ऑक्टोबर 2007 मध्ये अमेरिकेतील शिकागो मॅरेथॉनच्या दिवशी अवेळी कडक ऊन पडले. पारा 31 अंशांच्या आसपास गेला. मागून येणाऱ्यांना अनेक ठिकाणी पाण्याची टेबले रिकामी मिळाली. आयोजकांचे म्हणणे असे, की पाणी पुरेसे होते, पण पुढच्यांनी ते पिण्याबरोबर अंगावरही ओतून घेतले. म्हणजे मागच्यांच्या वाट्याचे पाणी पुढच्यांच्या डोक्यावरून वाहून गेले! अखेर शर्यत मध्येच थांबवावी लागली. अनेकांना रुग्णालयात हलवावे लागले. एका धावपटूचा मृत्यूही झाला, पण त्याला हृदयाचा विकार होता असे नंतर निष्पन्न झाले. त्यानंतर तिथे हवामानाचा धोका रंगीत झेंड्यांनी दाखवण्याची पद्धत सुरू झाली. हिरवा झेंडा म्हणजे सर्व ठीक आणि काळा म्हणजे शर्यत बंद.

लंडनमध्ये 2019 साली तर वेगळाच प्रकार घडला. तिथे साडेसात तासांत मॅरेथॉन पूर्ण करू इच्छिणाऱ्यांना सोबत म्हणून आयोजकांनीच एक महिला नेमली होती. म्हणजे एवढा वेळ लागणारे लोक असणार, हे आयोजकांना ठाऊकच होते. तरीही त्यांच्यासमोर पाण्याची टेबले आवरली गेली आणि सफाईच्या गाड्या त्यांना खेटून पुढे गेल्या. कंत्राटदारांच्या माणसांनी तर 'तुम्ही जाडे आहात', 'ही शर्यत आहे, फेरफटका नव्हे' अशा शब्दांत त्यांची टिंगल केली. गवगवा झाल्यावर चौकशी झाली आणि शर्यतीच्या संचालकांनी माफी मागितली.

जाऊबाईंना मी ही हकीकत सांगितली, तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे तिकडेसुद्धा काकूंना लवकर यायला सांगतात तर!"

अंतर तरी खरे असावे!

दौडीचे अंतर ठरवताना मोटारीचे मीटर किंवा मोबाइल यावर विसंबून चालत नाही. मान्यताप्राप्त शर्यतीचा रस्ता सायकलच्या चाकाला विशेष मोजयंत्र लावून मोजतात. ते यंत्र आधी पोलादी टेपने मोजलेल्या अंतरावर तपासून घेतात. रस्ता चुकूनही कमी भरू नये म्हणून दर किलोमीटरमागे एक मीटर जास्तीचा धरतात.

एवढी काळजी न घेतल्यास काय होते, हे इंग्लंडमधील मँचेस्टरने दाखवून दिले. 2013, 2014 आणि 2015 अशी तीन वर्षे तिथल्या मॅरेथॉनचा रस्ता 380 मीटरने कमी होता. 2016 मध्ये हे उघडकीला आले तेव्हा सुमारे 24 हजार लोकांची वेळ रद्दबातल ठरली. कित्येकांनी आयुष्यात एकदाच मॅरेथॉन धावून पदक भिंतीवर लावले होते. ती मॅरेथॉन नव्हतीच, असे त्यांना कळले! उलट 2015 साली बँकॉकमध्ये वळण चुकीच्या जागी दाखवल्याने अर्ध्या मॅरेथॉनचे लोक जवळजवळ सहा किलोमीटर जास्त पळाले. आयोजकांना जाहीर माफी मागावी लागली.

आपल्या छोट्या दौडींत एवढे काटेकोर कोण असणार, असे तुम्ही म्हणाल. पण डॉक्टरांच्या सल्ल्याने पाच किलोमीटर चालणाऱ्या माणसाला साडेसहा किलोमीटर चालायला लावणे ही गंमत नव्हे.

मंचावरचे आणि रस्त्यावरचे

आपल्याकडच्या दौडींचे काही दोष मात्र खास आपलेच आहेत.

पहिला दोष मंचाचा. आपला कोणताही कार्यक्रम पाहुण्यांशिवाय सुरू होत नाही. सभागृहात पाहुणे तासभर उशिरा आले तर श्रोते जांभया देतात, एवढेच. पण दौडीत तो तास उन्हाचा असतो. पहाटेच्या गारव्यात संपायची दौड भर उन्हात संपते. पाहुण्यांना हार घालायचाच असेल, तर तो दौड संपल्यावर बक्षीस समारंभात का घालू नये?

दुसरा दोष गर्दीच्या हव्यासाचा. 'इतके हजार लोक धावले' असे छापून यावे म्हणून शाळांना पत्रे जातात. मग मुलांना गणवेशात, उपाशीपोटी तास न् तास उभे केले जाते. त्यांच्या हातात प्रायोजकांचे फलक असतात. बरोबर शिक्षकही सुट्टीच्या दिवशी भरडले जातात. या मुलांना धावण्याची गोडी लागेल की तिटकारा वाटेल?

तिसरा दोष बायकांच्या सोयींचा. जाहिरातीत हसणाऱ्या बाईचे छायाचित्र मोठे असते, पण स्वच्छतागृहे मोजकीच आणि तीही पुरुषांच्या रांगेला लागून. कपडे बदलायला आडोसा नसतो. टी-शर्ट पुरुषांच्या मापाचे, त्यातही लहान मापाचे पहिल्याच तासात संपलेले. आमच्या वाट्याला आलेल्या टी-शर्टमध्ये आम्ही दोघी एकदम मावलो असतो!

आणि चौथा दोष हेलपाट्यांचा. छातीवर लावायचा क्रमांक दौडीच्या ठिकाणी मिळत नाही. आदल्या दिवशी शहराच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या मॉलमध्ये स्वत: जाऊन तो घ्यावा लागतो. का, तर तिथे प्रायोजकांचे गाळे असतात आणि तुम्ही त्यांच्यासमोरून जाणे त्यांना हवे असते. नावनोंदणीत दिलेला मोबाइल क्रमांकही कुठे कुठे फिरतो, देव जाणे. मला पुढचे दोन महिने व्यायामशाळा आणि विमा एजंट यांचे फोन येत होते.

पैसे गेले ते गेलेच?

'कोणत्याही कारणास्तव शुल्क परत मिळणार नाही' ही ओळ जवळपास प्रत्येक दौडीच्या अर्जावर असते. आपण ती वाचत नाही आणि वाचली तरी मुकाट्याने पुढे जातो. सहभागी आजारी पडला तर पैसे परत मिळू नयेत, हे एक वेळ समजू शकते. पण दौडच रद्द झाली किंवा कबूल केलेल्या वस्तू दिल्याच नाहीत तर?

न्यूयॉर्क मॅरेथॉन 2012 मध्ये सँडी वादळामुळे अवघे दोन दिवस आधी रद्द झाली. तिथेही नियम पैसे परत न देण्याचाच होता. पण लोकांच्या नाराजीनंतर आयोजकांनी पर्याय दिले. हवे तर पैसे परत घ्या, नाही तर पुढच्या वर्षांत हक्काचा प्रवेश घ्या. सांगायचे हे, की नियम माणसांनी केलेले असतात आणि आवाज उठवला तर ते बदलतात.

आपल्याकडेही शुल्क भरणारा सहभागी हा ग्राहकच आहे. ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार कबूल केलेली सेवा न देणे ही सेवेतील त्रुटी ठरते. आधी आयोजकांना लेखी कळवावे. दाद मिळाली नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराबद्दल ग्राहक आयोगाकडे दाद मागायला शुल्कही पडत नाही. सातशे रुपयांसाठी एवढी खटपट कोण करणार, या आपल्या विचारावरच तर असल्या आयोजकांचे फावते!

असेही होऊ शकते

चांगली उदाहरणे नाहीत असे नाही. मुंबईच्या मॅरेथॉनमध्ये रस्त्याकडेचे रहिवासी पहाटेपासून संत्री, चिक्की, बिस्किटे आणि पाणी घेऊन उभे राहतात. अनोळखी माणसाला 'आता थोडंच राहिलं' म्हणून धीर देतात. तिथे अनेक लोक समाजसेवी संस्थांसाठी निधी गोळा करून धावतात आणि त्यासाठी वेगळी यंत्रणा आहे. उलट काही दौडींत 'सामाजिक कार्यासाठी' एवढेच मोघम लिहिलेले असते आणि कोणते कार्य, किती पैसे, हे कुणालाच कळत नाही.

आणखी एक उदाहरण लंडनचे. तिथल्या बुशी पार्कमध्ये 2 ऑक्टोबर 2004 रोजी तेरा माणसे पाच किलोमीटर धावली. पुढे हा 'पार्करन' दर शनिवारी होऊ लागला आणि वीसहून अधिक देशांत पोहोचला. त्याला शुल्क नाही, पाहुणे नाहीत, मंच नाही. सगळे काम स्वयंसेवक करतात. त्यातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे सगळ्यांच्या मागून चालणारा स्वयंसेवक. तो शेवटच्या माणसाबरोबर गप्पा मारत येतो आणि सर्वांच्या मागेच राहतो. त्यामुळे सहभागी माणूस कितीही हळू चालला, तरी त्याच्यावर शेवटचा येण्याची पाळीच येत नाही.

याला खर्च किती? काहीच नाही. लागते ती फक्त माणसाची जाण.

नाव नोंदवण्यापूर्वी

● आयोजक कोण, त्यांनी याआधी दौड भरवली आहे का, हे पाहा. मागच्या वर्षी धावलेल्या, विशेषत: सावकाश धावलेल्या माणसाचा अनुभव विचारा.

● दौड किती वाजता सुटणार आणि रस्ता किती वेळ बंद राहणार, हे लेखी विचारा. 'वेळेची अट नाही' या शब्दांवर जाऊ नका.

● पाणी किती किलोमीटरवर आहे, रुग्णवाहिका आणि डॉक्टर आहेत का, बायकांसाठी स्वच्छतागृहे किती आहेत, याची चौकशी करा. टाळाटाळीची उत्तरे मिळाली तर समजून जा.

● पाण्याची लहान बाटली स्वत:जवळ ठेवा. मधुमेह असेल तर खिशात साखर किंवा गोळी-बिस्किट असू द्या आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय भाग घेऊ नका.

● क्रमांकाच्या कागदामागे आपले नाव, घरचा फोन आणि आजार लिहा.

● पैसे भरल्याची पावती आणि जाहिरात जपून ठेवा. तक्रार करायची वेळ आली तर हाच पुरावा.

● लहान मुलांना शाळेतून पाठवत असाल, तर नाश्ता, पाणी आणि परतीची व्यवस्था कोण पाहणार, हे शाळेला स्पष्ट विचारा.

आणि आयोजकांना एकच विनंती. दौड कशी झाली हे मंचावरून ठरवू नका. जो सर्वांत शेवटी येतो, त्याला पाणी मिळाले का, पदक मिळाले का आणि कमान उभी दिसली का, एवढेच पाहा.

मी आयोजकांना पत्र लिहिले. तीन आठवड्यांनी दोन पदके टपालाने आली. सोबत चिठ्ठी नव्हती. जाऊबाईंनी आपले पदक उलटसुलट पाहिले आणि खेळायला म्हणून नातवाला देऊन टाकले.

पण गोष्ट तिथे संपली नाही. बागेतल्या बायकांना आमची फजिती कळली, तेव्हा त्यांनीच ठरवले की आपणच आपली दौड करू. महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी सहाला आम्ही नऊ-दहा जणी निघतो. बाग ते तलाव आणि परत. शुल्क नाही, टी-शर्ट नाही. एकीच्या घरून सरबताचे पातेले येते. नियम एकच आहे. शेवटची बाई पोहोचल्याशिवाय झाकण उघडायचे नाही.

पहिल्या खेपेला जाऊबाई सर्वांत मागे होत्या. लांबूनच त्यांनी पाहिले, सगळ्या जणी पातेल्याभोवती तशाच उभ्या होत्या. त्या घाईघाईने म्हणाल्या, "अगं, घ्यायचं ना तुम्ही! माझ्यासाठी कशाला थांबलात?"

"मग कुणासाठी थांबायचं, ताई?" मी म्हटले आणि झाकण उघडले.